भाषा आतली की संगतीची?

पूजेनंतर उरलेल्या अक्षता फेकवत नाहीत आणि शिजवताही येत नाहीत. डबीत साठत राहतात. आमच्या ओसरीवरचे किस्से तसेच! आमचे हे अंबाजोगाईच्या कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायचे. संध्याकाळी यांचे दोन मित्र यायचे आणि चहा गार होईस्तोवर भांडायचे.

जोशी सर म्हणायचे, भाषा माणसाच्या आतच असते, जन्मासोबत येते. लेकरू कधी न ऐकलेली वाक्यं बोलतं, ती कुणी शिकवली? शेख सर उसळायचे, "काय बी सांगू नका! ज्या घरात वाढलं, तिथलीच बोली बोलतं. सगळी संगत हाय."

हे दोघांची बाजू तोलत बसायचे. "तुमचं स्वतःचं मत सांगा की!" म्हटलं की यांचं उत्तर ठरलेलं, "आधी चहा."

*

एका एकादशीला शेख सरांनी मलाच मध्ये ओढलं. "भाभी, तुमचे उपवास जन्मजात की संगतीचे?"

मी भगर ढवळत म्हटलं, "उपवास आईच्या संगतीनं आले. भूक मात्र सोबत घेऊनच जन्मले!"

दोघांनी एकदम टाळी वाजवली. दोघंही जिंकले होते!

*

मग शेख सरांनी पुरावाच आणला. युसूफ वडगाव या गावची एक चिमुरडी, त्यांच्या गल्लीत मामाकडं आलेली. आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात जायचे, तीही सोबत. तिकडून फडाफडा कानडी बोलायला शिकून आलेली.

"कुणी शिकवली नाही ना? म्हणजे आतूनच आली!" जोशी सर खूश.

"आतच होती, तर कर्नाटकात जायच्या आधी कावून न्हाई आली?"

हा वाद चालू असताना पोरगी तोंडातून एक अक्षर काढेना. जोशी सरांनी विचारलं, शेख सरांनी चुचकारलं. नाही म्हणजे नाहीच! शेवटी ती उठून स्वयंपाकघरात आली, गुळाच्या डब्यावर नजर टाकली आणि दोन्ही भाषांत मिळून माझ्याशी जी सुरू झाली, ती थांबेचना.

हे ओसरीवरून ओरडले, "सिद्धान्त कोणता बी असू द्या, पोरगी गुळाच्या बाजूनं हाय!"

*

गेल्या दिवाळीनंतर यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, "सगळं कळतंय त्यांना. शब्द येतील, न येतील, सांगता येत नाही."

दोघे मित्र धावत आले. जोशी सर म्हणाले, "वहिनी, भाषा आत शाबूत आहे, नुसतं दार अडकलंय. शांत राहू द्या त्यांना." शेख सर म्हणाले, "भाभी, चुप बसू नका! बोलत राहा, लई बोला." आणि यांच्या खाटेशीच दोघांची जुंपली.

यांनी डावा हात हळूच वर केला आणि स्वयंपाकघराकडं दाखवला.

आधी चहा!

दोघेही हसले, आणि मग दोघांनीही चष्मे पुसले.

*

पुढं जोशी सर मुलीकडं पुण्याला गेले. शेख सरांचे गुडघे गेले, आता फोनवरच. ओसरी मोकळी झाली. दिवसभर घरात कुकरच तेवढा आवाज करतो. कधीकधी मी त्यालाच म्हणते, "झालं, बाबा, ऐकलं."

आषाढात यांना गाडी करून कपिलधारला नेलं. माझा नवस होता. धबधबा असा कोसळत होता की कुणाचं कुणाला ऐकू येईना. सगळे आपले हातवारे करत होते. पुजारी खुणेनं प्रसाद देत होता, बाया खुणेनं लेकरांना दटावत होत्या.

त्या दिवशी आमचे हे चारचौघांसारखेच होते.

*

श्रावणी सोमवारची कहाणी एकटीनं सांगून चालत नाही. समोर कुणीतरी हातात अक्षता घेऊन ऐकायला लागतं, हुंकार द्यावा लागतो. दरवर्षी शेजारच्या कमलताई यायच्या. यंदा त्या सुनेच्या बाळंतपणाला गेलेल्या. व्रत मोडायचं कसं? मी यांच्या डाव्या हातात अक्षता ठेवल्या, मूठ मिटवली आणि समोर बसले.

"आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता," मी सांगत गेले. हुंकाराच्या जागी मीच थोडं थांबायचे, मनातच "हूं" म्हणायचे आणि पुढं जायचे. हे भिंतीकडं बघत होते.

राणी रानात एकटी राहिली, अंधारून आलं, इथवर कहाणी आली आणि आत दूध उतू गेल्याचा वास आला. मी तशीच उठून पळाले. गॅस बंद केला, ओटा पुसायला घेतला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"मग?"

हातातलं फडकं तसंच ओट्यावर राहिलं. मी बाहेर आले, यांच्यासमोर बसले आणि राणीला रानातून घरी आणलं.