गप्प बस

मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५, सकाळी साडेदहा. भिंगारच्या घरात, प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून मी संगणकापुढे बसलो होतो. पडद्यावर संगमनेरच्या इस्पितळातला माझा धाकटा भाऊ होता. त्याला घशाचा कर्करोग झाला होता. अकराच्या सुमारास त्याला शस्त्रक्रियेसाठी नेणार होते आणि स्वरयंत्र काढणार होते. जे बोलायचे ते त्याआधीच बोलायचे होते. मोबाईलवरचे बोलणे मला नीट ऐकू येत नाही. म्हणून हेडसेट लावला होता.

पुतणीने फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून त्याच्यापुढे ठेवला आणि ती कागदांवर सह्या करायला खाली गेली. भावाचे ओठ हलू लागले. मला काहीच ऐकू येईना.

“अहो, भाऊजी बोलताहेत आणि तुम्ही नुसते बघताय,” पत्नी मागून म्हणाली. “पिना नीट खोचल्यात का? मागच्या खेपेला हिरवी गुलाबी भोकात घातली होतीत.”

पिना जागच्या जागी होत्या. मी ध्वनीची सेटिंग उघडली. आवाज हेडसेटऐवजी मॉनिटरकडे जात होता, आणि आमच्या मॉनिटरला स्पीकर नाहीत. मी यादीतून हेडसेट निवडला. पत्नीचे चालूच होते.

“गप्प बस,” मी ओरडलो. “मी सांगेपर्यंत एक शब्द काढू नकोस.”

ती स्वयंपाकघरात निघून गेली. सेटिंगच्या चौकटीमागे भावाचा चेहरा झाकला गेला होता. कानात अजूनही काही येत नव्हते. मी आवाजाची पातळी पूर्ण वर नेली. पिना काढून पुन्हा लावल्या. दुसरे पर्याय तपासले, परत हेडसेटवर आलो. यात बराच वेळ गेला.

एकाएकी खालून परतलेल्या पुतणीचा आवाज असा आदळला की मी हेडसेट कानापासून दूर धरला.

“काका, काय झालं? आप्पा बोलतच न्हाईत. खुणेनं सांगत्यात, दादा गप्प बस म्हनले.”

माझा मायक्रोफोन पहिल्यापासून चालू होता, आणि हेडसेट निवडल्यापासून तिकडचा आवाजही; भाऊच बोलत नव्हता.

वडिलांच्या माघारी त्याला मी वाढवले. घरात मी सांगायचे आणि त्याने ऐकायचे. कारण विचारण्याची पद्धत नव्हती. त्याची साठी उलटली तरी ती मोडली नव्हती.

मी चौकट बाजूला सारली. तो माझ्याकडे पाहत होता. खाटेशेजारी स्ट्रेचर येऊन लागले होते.

“ते तुला नव्हते. बोल.”

“बोलू व्हय?” त्याचा आवाज खरखरला. “आता जल्मभर गप्पच बसनार हाय, दादा. आजच्या दिस तरी सूट द्यायची.” तो हसला. “लई दिसांचं एक बोलायचं हुतं...”

“चला, बाबा,” सिस्टर म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “ऱ्हाऊ द्या आता. पाय जपा.”

दुपारी शस्त्रक्रिया पार पडल्याचे पुतणीने पत्नीला कळवले. काय बोलायचे होते, ते त्याने मुलीलाही सांगितले नव्हते. यापुढे मी बोलणार आणि तो ऐकणार, नेहमीसारखेच.

संध्याकाळी मी सेटिंग पुन्हा उघडली, मायक्रोफोन चालतो याची खात्री केली आणि संगणक बंद केला.