जेवलास की जेवलात

समजा, एका इंग्रजी वाक्याचं मराठी करायचं आहे. नवरा दारात उभा आहे आणि बायको विचारते, "हॅव यू ईटन?" आता तुम्ही काय लिहाल? जेवलास, की जेवलात? घाई नाही. जयंती सहस्रबुद्धे कधीपासून याच वाक्यावर अडकली आहे.

जयंती टोकियोतल्या निशी-कसाईत राहते. ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि ट्रेनमध्ये जागा मिळाली की अनुवाद करते. कादंबरी अमेरिकन आहे. तिच्यातलं न्यू मेक्सिकोचं जोडपं घरात स्पॅनिश बोलतं, पण लेखकाने सगळं इंग्रजीत लिहिलं, म्हणजे सगळ्यांना 'यू'. जयंतीने कादंबरीचा स्पॅनिश अनुवाद मागवला. पुण्यात शिकलेली स्पॅनिश कामी आली. त्यात बायको नवऱ्याला अहो-जाहो करते आणि नेमकी या वाक्याला अरे-तुरेवर येते.

ऑफिसातले मोरिता-सान म्हणाले, "कर्ता गाळा. जपानीत आम्ही तेच करतो."

मराठीत कर्ता गाळला तरी क्रियापद चुगली करतं. मग जयंतीने आपली नेहमीची पळवाट काढली: "जेवण झालं का?" "कुठे जायचंय?" अख्खं प्रकरण तसंच उरकलं.

पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी ते वाचलं.

"ही नवऱ्याशी बोलतेय की बँकेतल्या माणसाशी?"

"आई, तू-तुम्ही टाळलंय."

"कळलं. लग्नानंतर वर्षभर माझ्याशी असंच बोलायचीस. अहो आई की अगं आई, ठरेना तुझं."

जयंतीचा नवरा धीरज प्लास्टिकचा कचरा वेगळा करत होता. तो जास्तच मन लावून करू लागला.

जयंतीने वाक्य खोडून 'जेवलास का?' लिहिलं. सासूबाईंनी चष्मा काढला.

"म्हणजे ही घर सोडणार."

"तुम्ही शेवट वाचलात?"

"शेवट कशाला? इतकी पानं अहो-अहो करणारी बाई अचानक अरे म्हणाली. आता काय राहिलं?"

इंग्रजी वाचकाला हे शेवटच्या पानावर कळतं. 'जेवलास' लिहिलं तर मराठी वाचकाला मध्यावरच कळणार. 'जेवलात' लिहिलं तर बाईचा राग गेला.

जयंतीने स्पॅनिश अनुवादकाला ईमेल करून विचारलं, हे अरे-तुरे कुठून आलं? त्याचं उत्तर आलं: लेखकाला विचारायचं राहून गेलं, आता तो हयात नाही. माझी आई घर सोडताना वडिलांशी असंच बोलली होती, म्हणून मी तसं लिहिलं.

जयंतीने 'जेवलास' ठेवून हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवलं. एवढंच तिला अजून कळायचं आहे: लेखकाने 'यू' लिहिलं, तेव्हा ती बाई त्याच्या कानात काय म्हणाली होती?