घरची ओळ

माझी नोकरी शहरातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत. वाइनच्या द्राक्षांत फवारणीचं विष किती उरलंय ते तपासायचं, आणि द्राक्षं सांगितलेल्या मळ्यातलीच आहेत का तेही. मातीतली खनिजं मण्यांत उतरतात; मळ्याच्या जुन्या नोंदीशी ती जुळली नाहीत की माल बाहेरचा समजायचा. माणसापेक्षा यंत्रावर जास्त विश्वास ठेवायची मला खोडच लागली होती.

गंगापूरकडच्या धाकट्या बहिणीच्या मळ्याचा नमुना आणायची पाळी माझ्यावरच आली. नात्यातलं काम मी नाकारायलाच हवं होतं. नियमाप्रमाणे मळाभर हिंडून घड स्वतः तोडायचे असतात. ऊन कडक होतं, मी ओसरीत चहा पीत बसलो आणि पिशवी तिच्या हाती दिली. तिला सातवा महिना होता, तरी उठली.

निकाल पाहिला आणि माझं डोकं फिरलं. तांबं मळ्याच्या जुन्या नोंदीच्या कितीतरी पट, कीटकनाशक मर्यादेबाहेर. म्हणजे मेव्हण्यानं बाहेरचा माल आपला म्हणून खपवायला काढला होता. दुसऱ्याच दिवशी जाऊन मी त्याला भर अंगणात चोर म्हटलं.

बहीणच पुढं झाली. घड तिनं स्वयंपाकघरामागच्या ओळीतून तोडले होते. ती घरची ओळ. घरच्यांना खायला म्हणून तिच्यावर कधीच फवारत नाहीत. भावाच्या हाती चांगलंच द्यावं, एवढाच तिचा विचार.

मी मागं जाऊन पाहिलं. ओळीला लागूनच नळ, नळाखाली फवारणीचा पंप. दर फवारणीनंतर मेव्हणा पंप तिथंच धुवायचा आणि नळी साफ व्हावी म्हणून उरलंसुरलं औषध समोर उडवून टाकायचा. समोर म्हणजे त्याच वेलींवर. पानांवर तांब्याच्या औषधाचा निळसर थर बसला होता. इतक्या वेळा त्या घरी जेवलो, मला कधी दिसलं नाही. चोरीच निघाली असती तर किती बरं झालं असतं.

माफी मागायला वळलो, तर मेव्हणा नळापाशी बसून पानांवरचा थर बोटानं पुसून बघत होता. मी बहिणीला विचारलं, यातली तू किती खाल्लीस?

"आंबटाचे डोहाळे लागलेत नं, दादा. कच्ची होती तवापासून रोजच खाते."

मग पोटावर हात ठेवून तिनं हळूच विचारलं, "तुझ्या मशीनीवर इथलं कळतं का?"

"नाही," मी म्हणालो.