प्रतापरावांच्या शेजारची सीट

मलकपेठेतले प्रतापराव देगलूरकर वीज खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी हायब्रिड गाडी घेतली. विचारणाऱ्याला ते कारण मायलेज सांगत. खरं कारण घरात होतं, आणि ते मेट्रोने प्रवास करत असे.

त्यांच्या पत्नी त्रिवेणीबाईंना गाडी लागते. जुन्या डिझेलच्या गाडीत चादरघाटचा पूल येईपर्यंत त्यांचा चेहरा उतरायचा. पुलापलीकडचं न सांगितलेलं बरं. त्यामुळे लेक मृण्मयीकडे कुकटपल्लीला जायचं तर नवरा गाडीने आणि बायको मेट्रोने, अशी या सुखी कुटुंबाची रीत पडली होती. त्रिवेणीबाई आधी पोचत, चहा घेत, आणि नवरा घामाघूम होऊन आला की "आलात का?" एवढंच विचारत. शेजारची रिकामी सीट प्रतापरावांना वर्षानुवर्षं बोचत असे. असं काही बोलून दाखवायची आमच्याकडे पद्धत नाही. गाडी बदलायची पद्धत आहे.

गल्लीला नव्या गाडीबद्दल एकच कुतूहल होतं.

"साब, चार्जिंग किदर करते?" समोरचे फळवाले हबीबभाई.

"करनेकाच नै. ब्रेक मारे तो बॅटरी अपने आप भरती."

"फिर तो तुमारी हमेशा फुल रहती हुंगी," हबीबभाई म्हणाले. प्रतापरावांचं ड्रायव्हिंग त्यांनी जवळून पाहिलं होतं.

गाडीचं मत मात्र निराळं होतं. कचकन ब्रेक दाबला की समोरच्या पडद्यावर ती कमी मार्क देई. लांबूनच पाय सोडून हळूहळू थांबलं की खूश होई. शाळेपासून मार्कांची सवय असलेला माणूस, महिनाभरात सुधारला. सिग्नल दिसला की ते असे अलगद थांबू लागले की मागचे रिक्षावाले त्यांच्या घराण्याची चौकशी करत. प्रतापराव पेट्रोल वाचवत होते.

मग नातीचं बारसं आलं. घरातला सागवानी पाळणा कुकटपल्लीला न्यायचा होता. मेट्रोत तो मावेना, आणि नवऱ्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडवेना. त्रिवेणीबाई लिंबू आणि पिशवी घेऊन पुढे बसल्या. "माझ्याशी बोलू नका," म्हणाल्या.

पूल गेला. काही झालं नाही. कोठीला सगळं तुंबलं होतं, आणि गाडी एकदम गप्प झाली.

"बंद पडली का?"

"नाही गं. उभी असली की इंजिन थांबतं."

"मग हे थंड वारं?"

"बॅटरीवर."

त्रिवेणीबाईंनी खात्री करून घेतली. डिझेलचा वास नाही, पायाखाली थरथर नाही, गिअरचे हिसके नाहीत. गर्दी मुंगीच्या पावलाने सरकली तशी गाडीही आवाज न करता सरकली. पंजागुट्ट्याला त्या म्हणाल्या, "मृण्मयीच्या सासूबाईंना नाव कोणतं ठेवायचंय, ऐकलंत का?"

मळमळणारं माणूस विहिणीबद्दल बोलत नाही. प्रतापरावांच्या ते ध्यानात आलं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही. "कोणतं?" त्यांनी विचारलं. उत्तर अमीरपेठच्याही पुढे पुरलं.

दारात मृण्मयी बघतच राहिली. "आई, तू बाबांबरोबर आलीस?"

"पाळणा होता ना," आई म्हणाली.

जावई चिन्मय पुण्याचा. त्याने रीतसर विचारलं, "बाबा, मायलेज काय दिलं आज?"

"बघायचं राहिलं," प्रतापराव म्हणाले.

संध्याकाळी पाळणा तिथेच राहिला, म्हणजे बाईंना गाडीत बसायचं कारणही उरलं नाही. त्या सोबत खाली येऊन गाडीत बसल्या, तेव्हा स्टेशनपर्यंत तरी सोडू, असा हिशेब करून प्रतापरावांनी मेट्रोच्या जिन्यापाशी गाडी बाजूला घेतली.

"इथे कशाला थांबलात?"

"मेट्रोने जायचं असेल तर..."

"मी म्हटलं का तसं?" त्रिवेणीबाईंनी पदर सावरला आणि सीट जरा मागे केली. "चला सरळ. आणि टँकबंडवरून घ्या. तळं बघून किती दिवस झाले."

टँकबंड वाकडी वाट करून होतं. प्रतापरावांनी तो विषय मुळीच काढला नाही.