बायकोचे साफ केलेले फोटो

चेहरा साफ करण्यात त्या फोटोवाल्याचा हात धरणारा अख्ख्या बाजारात कोणी नव्हता. गिऱ्हाइकाने सांगो न सांगो. तीळ, वांग, उन्हाने पडलेले ठिपके, सगळं माऊसच्या चार टिचक्यांत गायब. आणि साफ झालेला फोटो मूळ फोटोवरच सेव्ह करायचा, हा त्याचा शिरस्ता. उगाच जागा कशाला अडवायची?

बायकोच्या डाव्या गालावर मसुरीएवढा तपकिरी ठिपका होता. तो वाढलाय, असं तिच्या बहिणीने तिच्या डोक्यात भरवलं आणि तिने नवऱ्याला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं.

बाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "कडा नीट आहेत, रंग एकसारखा आहे. वयाने आणि उन्हाने येतात असे. बहुतेक निरुपद्रवीच आहे. पण वर्षभरात वाढला असेल, तर तुकडा काढून तपासावा लागेल. जुना फोटो आहे?"

तोंडावर सुरी लागणार म्हटल्यावर बायकोने गाल पदराने झाकला. फोटोवाला मात्र छाती काढून म्हणाला, "फोटोंना काय तोटा!"

घरी येऊन त्याने वीस वर्षांचे फोटो उघडले. बायको प्रत्येक फोटोत होती, ठिपका एकातही नव्हता. दुपारभर तो कॉम्प्युटरवर खेकसला, खुर्चीवर खेकसला, चहा विचारायला आलेल्या बायकोवरही खेकसला.

"फोटो गेले चुलीत," ती म्हणाली. "तुमचे डोळे कुठे गेले होते? सांगा, गेल्या वर्षी केवढा होता?"

त्याला सांगता येईना. पडद्यावर हा गाल मोठा करून त्याने तो ठिपका कितीदा पुसला असेल! पुसण्याच्या घाईत बघायचंच राहिलं होतं. त्याला स्वतःचाच भयंकर राग आला.

"मग आता काढा फोटो," दुसऱ्या दिवशी सगळी हकिगत ऐकून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शेजारी मोजपट्टी धरून. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. मधे रंग बदलला, कडा वेड्यावाकड्या झाल्या किंवा रक्त आलं, तर लगेच या. आणि त्यावर काही चोळू नका, ऊन लागू देऊ नका."

ते तीन महिने त्याने कसेबसे काढले. रोज सकाळी बायकोला खिडकीपाशी उभी करून तो गाल न्याहाळायचा आणि ती वैतागायची. शेवटी दोन्ही फोटो शेजारी ठेवले, तर ठिपका तसूभरही वाढला नव्हता. काही करायची गरज नाही, असं सांगून बाईंनी फाईल मिटली.

बायको हसत घरी आली. हा मात्र आल्या आल्या पुन्हा कॉम्प्युटरपुढे. ठिपका जुन्या फोटोंत परत बसवायचं त्याच्या मनाने घेतलं होतं. मुलीच्या लग्नाचा फोटो उघडला आणि तो अडला.

"अगं, तेव्हा होता का गं हा?"

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "मी तुमच्या फोटोंवर विश्वास ठेवला होता."