टेलचं पाणी आणि खिल्लारे साहेबांची सिस्टिम

कालव्याच्या कचेरीत किश्श्यांना तोटा नसतो. पाणी येतं, पाणी जातं आणि तळाशी गाळ राहतो, तसे हे राहतात. कुणी मुद्दाम साठवत नाही. सत्तरच्या दशकात मी वसमतजवळच्या एका लहानशा शाखा कचेरीत ओव्हरसियर होतो. तेव्हा आमचा जिल्हा परभणी. दुष्काळ नुकताच सरलेला, त्यामुळे कालव्यात पाणी दिसलं की माणसं काम सोडून बघत उभी राहायची. मीही राहायचो. इतकं संथ पाणी, इतकी पिवळी दुपार, की आपण इथं नोकरी करतो हेच विसरायला व्हायचं!

त्या गाळातला बराचसा भाग आमच्या खिल्लारे साहेबांचा आहे.

*

साहेबांना सरकारनं सिस्टिम इंजिनिअरिंगच्या ट्रेनिंगला पुण्याला धाडलं होतं. ते सिस्टिम शिकून येणार, हे कचेरीला कळलं. आमच्या गंगाराम पाटकऱ्यानं, म्हणजे चारीची दारं उघडणाऱ्या-लावणाऱ्या माणसानं, स्टोअरची खोली रिकामी केली, चुना मारला आणि दाराला कुलूप घातलं. नवीन मशीन, धूळ लागायला नको!

साहेब एसटीतून उतरले ते हातात एक वळकटी घेऊन. गंगाराम बराच वेळ एसटीच्या टपाकडं बघत होता. शेवटी त्यानं विचारलंच, "साहेब, सिस्टिम मागच्या गाडीनं येऊन राहिली का?"

साहेबांनी ती पांढरीशुभ्र खोली पाहिली आणि हरखून गेले. म्हणाले, "आलीय गंगाराम. बस आत, दाखवतो." त्या दिवसापासून ती खोली साहेबांची शाळा झाली.

*

साहेबांचं म्हणणं असं, की जगात सुटं काहीच नसतं. एक गोष्ट दुसरीला ढकलते, दुसरी तिसरीला, आणि तिसरी फिरून पहिलीच्या पाठीत धपाटा घालते. हे ते खडूनं गोल काढून, बाण जोडून समजावत.

पहिला गोल आमच्या चहाचा. चहा उशिरा येतो म्हणून आम्ही उठून हॉटेलात जातो. आम्ही जागेवर नसतो म्हणून हॉटेलवाला चहा आणायला टाळाटाळ करतो. तो टाळतो म्हणून चहा उशिरा येतो. मग दोष कुणाचा? सगळी कचेरी त्या गोलाभोवती उभी राहून भांडायला लागली. तेवढ्यात हॉटेलवाला खरोखरच चहा घेऊन आला, बाहेरच्या टेबलाशी कुणी दिसेना म्हणून परत गेला.

साहेबांनी शांतपणे अजून एक बाण काढला.

*

आता चारीविषयी सांगायला हवं. मोठ्या कालव्यातून आमची लहान चारी फुटायची. तिच्या तोंडाशी दत्तरावांची हळद. दत्तराव म्हणजे मोठा जमीनदार, बोलायला गोड, पाण्याला मात्र कडू. आणि चारीच्या शेवटाला, टेलला, सोनाबाईचं रान. नवरा गेलेला, शेत स्वतःच कसायची. चारी झाल्यापासून टेलला पाणी असं पोचलंच नव्हतं. नुसती ओल यायची.

साहेबांनी आम्हांला बजावलं, की पाण्याला चालत जायला वेळ लागतो, दार एकदा उघडलं की हात मागं बांधून वाट बघायची. घाई केली की घोटाळा. खोलीभर माना हलल्या. दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः मधल्या पुलावर जीप लावून बसले. पाणी दिसेना. गंगारामला निरोप धाडला, दार अजून उघड. मग पुन्हा अजून. मग पुन्हा. दुपारी ते सगळं पाणी एकदम आलं, काठ फोडून रस्त्यावर पसरलं, आणि जीप चाकाच्या वरपर्यंत बुडाली.

आम्ही धावत गेलो. साहेब बॉनेटवर मांडी घालून बसलेले, चेहऱ्यावर लग्नघरातला आनंद. म्हणाले, "अगदी शिकवलं होतं तस्संच झालं!"

*

एकदा साहेबांनी चारीवरच्या शेतकऱ्यांना त्या खोलीत बोलावलं. तोंडापासून टेलपर्यंत रानं जशी होती तशीच माणसं ओळीनं बसवली. पहिले दत्तराव, शेवटी सोनाबाई. भाजलेल्या शेंगांची भरलेली परात दत्तरावांच्या हाती दिली आणि म्हणाले, लागतील तेवढ्या घ्या, पुढं सरकवा. परात सोनाबाईपाशी पोचली तेव्हा तिच्यात टरफलं होती. सगळे हसले. सोनाबाई नाही हसली.

साहेबांनी दत्तरावांना विचारलं, इतकी भूक लागली होती का? दत्तराव जेवून आले होते. खिसे फुगलेले, पण माणूस खोटं बोलला नाही. "परात पुन्हा फिरंल का न्हाई, कोणाला ठावं?"

साहेबांनी दुसरी परात मागवली. या वेळी टेलपासून सुरुवात केली आणि सांगितलं, की ही परात संध्याकाळपर्यंत फिरत राहणार आहे. सोनाबाईनं मूठभर घेतल्या. तिच्या शेजाऱ्यानंही मूठभर. परात दत्तरावांपर्यंत गेली तेव्हा ती अर्ध्याहून जास्त भरलेली होती, आणि दत्तराव बिचारे काहीसे ओशाळून एकेक शेंग सोलत बसले. यंदाची पाण्याची पाळी टेलकडून सुरू करायची, हे त्यांनी सगळ्यांदेखत कबूल केलं.

जाताना सोनाबाई दारात थांबली. "शेंगांचं जमलं साहेब. पाण्याचं?"

साहेबांनी शब्द दिला. बाईनं त्या शब्दावर दरवर्षीची करडई सोडून गहू पेरला. करडईला ओल पुरते, गव्हाला पाणी लागतं. पाणी नाही आलं तर वर्ष गेलं. मी साहेबांना म्हणालो, तुम्ही हे काय करून बसलात?

*

त्यानंतर साहेब रोज संध्याकाळी कालव्याच्या काठी जाऊन बसायचे. मीही जायचो. ज्वारी डुलत असायची, बगळे पाण्यावरून सावकाश जायचे, आणि साहेबांची नजर कुठंतरी पलीकडं. मला वाटायचं, सिस्टिमच्या तंद्रीत आहेत.

एकदा आपणहून बोलले. त्यांचं गाव साखऱ्याकडचं. लहानपणी त्यांच्या आईला विहिरीवर जाता येत नसे. लांब उभं राहायचं, घागर खाली ठेवायची, सगळ्यांचं भरून झालं आणि कुणाच्या मनात आलं तर वरून ओतायचे. "आमी कायम टेललाच होतो," साहेब म्हणाले. एरवी ते कचेरीत पुस्तकी मराठी बोलायचे.

आम्ही अंधार पडेपर्यंत पाणी बघत बसलो.

*

गहू पोटरीत आला, ओंबी धरायला लागला, तेव्हा पाळी सुटली. वाटेतली सगळी दारं बंद. पाणी सरळ टेलला. गंगाराम चारीच्या काठानं पाण्याबरोबर चालत होता, वरातीत चालावं तसा. साहेब आणि मी सोनाबाईच्या धुऱ्यावर, म्हणजे रानाच्या बांधावर, उभे. पाणी आलं, वाफ्यात शिरलं, आणि बाई अनवाणी त्याच्या पुढं पुढं चालत राहिली. पाणी मागं, बाई पुढं. मी स्वप्नात आहे की काय, असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, डोळे भरून आले.

शेवटचे वाफे राहिले असतील, तेवढ्यात चारीच्या काठानं दत्तराव येताना दिसले. चिखलात रुततात म्हणून वहाणा हातात. एवढा मोठा माणूस टेलला पहिल्यांदाच आला होता. चारीच्या तोंडाशी, त्यांच्या रानात, पाणी या वेळी सगळ्यांत शेवटी येणार होतं, आणि वाट बघण्याची त्यांना सवय नव्हती.

"सोनाबाई, आमच्याकडं पोचतंय का न्हाई? हळद माना टाकून राहिली."

सोनाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. मग गंगारामला म्हणाली, "दार लाव. वरच्याचं उघड."

मी म्हणालो, "मावशी, कडेचे वाफे कोरडेच आहेत अजून."

"ऱ्हाऊ द्या. पुढच्या पाळीला भिजतीन."

दत्तरावांना ते खरं वाटेना. "आन् पुढच्या पाळीला न्हाई आलं तर?"

बाईनं पदराला हात पुसले. "काहून न्हाई येणार? वर तुमी हाव की."

दत्तराव धुऱ्यावर खाली बसले. वहाणा हातातच राहिल्या.