मावशीची भिंत

चित्रांचं हे खूळ मावशीच्या डोक्यात मीच भरवलं. महिनाभर रोज एक चित्र, तेही शाईने. खोडायची सोय नाही. गंमत म्हणून दोघींनी सुरुवात केली. मी चौथ्याच दिवशी ढेपाळले, मावशी मात्र चिकटून राहिली.

ती शिवणकारखान्यात तिसऱ्या मजल्यावर काजं करते. दुपारी डबा उरकला की समोर दिसेल ते काढायची, आणि समोर होती भिंत. एक स्विचबोर्ड, एक खिळा, एक तडा. रोज तेच.

"अगं, निदान एखादं माणूस काढ!"

"माणसं हलतात. भिंत गप उभी राहते."

बाविसाव्या दिवशी तिची टर उडवायला मी वहीची पानं अंगठ्याखालून फर्रकन सोडली, आणि माझं हसू ओठांवरच राहिलं. तडा चालत होता. खिळ्यापासून निघून तो स्विचबोर्डच्याही पुढे गेला होता.

"तुझा हात हलला असेल," मी म्हटलं.

"तीस वर्षं काजं करतेय. माझा हात दोराभरसुद्धा हलत नाही." बोलता बोलता तिचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी तिने कटिंग मास्तरांना सांगितलं. त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. "गिलावा तडकलाय, बाई. शनिवारी माल जायचाय आणि तुम्हाला चित्रं सुचतायत!"

"उद्यापासून जाऊ नकोस," मी तिला बजावलं.

"आणि बाकीच्या पंचवीसजणी?"

मला तिचा भयंकर राग आला. तिच्याशिवाय मला आहे कोण? ती जातच राहिली आणि इकडे माझा जीव टांगणीला. संध्याकाळी ती दारात दिसली की आधी वही हिसकावून शेवटचं पान बघायचं. सव्विसाव्या पानावर तड्याला फाटा फुटला होता.

सत्ताविसाव्या दिवशी सकाळी मीही तिच्याबरोबर गेले. ती खाली जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली आणि येईल त्या बाईसमोर वहीची पानं सोडू लागली. एकही बाई वर गेली नाही. मास्तर तणतणत आले. "काय तमाशा लावलाय?" तिने वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी पानं एकदा सोडली, परत एकदा सोडली, आणि जिन्याकडे धावले.

"मास्तर, नका जाऊ!" मावशी ओरडली.

ते खाली आले तेव्हा तोंडाला रंग नव्हता. "बोट आत जातंय," एवढंच म्हणाले.

दुपारी भिंत आत कोसळली. मावशीचं स्टूल ढिगाऱ्याखाली गेलं.

एकतिसाव्या दिवशी सगळ्यांना पगारासाठी कारखान्याच्या अंगणात बोलावलं होतं. संध्याकाळी मावशीने शेवटचं पान माझ्यासमोर धरलं. भोपळ्यासारखी डोकी, वाकडे हात.

"हलत होते मेले सगळे. नीट जमलं नाही," ती म्हणाली.

मी बोट ठेवून मोजलं. पंचवीसजणी आणि मास्तर. मला हुंदका आवरेना, म्हणून परत पहिल्यापासून मोजलं.